मुऱ्हाईच्या गाडीचं इंजिन

आमच्या खानदेशात लेक कितीही म्हातारी झाली तरी आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सणाला आपणहून माहेरी जात नाही. तिला न्यायला कुणीतरी यावं लागतं. बाप, भाऊ, भाचा, कुणीही चालेल, पण यावं लागतं. या न्यायला येणाऱ्याला मुऱ्हाई म्हणतात. मुऱ्हाईने रस्त्यावरून हाका मारायच्या नसतात. त्याने घरात यायचं, पाणी प्यायचं, सासूला विचारायचं, सासूने "इतक्या उन्हात कशाला नेता" म्हणून एकदा तरी अडवायचं, आणि मग लेकीने पिशवी उचलायची. पिशवी अर्थातच आदल्या दिवसापासून भरून ठेवलेली असते.

मी शाळेत विज्ञान शिकवते. माझी स्वतःची स्कूटी आहे. माझं सासर कळसाडीला. तिथून तापीचा पूल ओलांडला की तासाभरात माहेर, आणि एरवी मनात आलं की मी जाऊन येतेही. फक्त आखाजीला जात नाही, वाट बघत बसते. आमच्या ह्यांना याचं फार हसू येतं. "विज्ञानाच्या बाई," ते म्हणतात, "किल्ली खुंटीला आहे, पेट्रोल टाकीत आहे, मग घोडं अडलंय कुठे?" मी म्हणते, तुम्हाला बहीण असती तर कळलं असतं. मग ते पेपर वाचायला लागतात.

लग्न झाल्यापासून माझे मुऱ्हाई म्हणजे आबा, माझे वडील, आणि त्यांची जीप. ही जीप माझ्यापेक्षा वयाने मोठी आणि आमच्या घरात माझ्यापेक्षा लाडकी. पेट्रोलचं इंजिन, आणि ते सुरू करायला पुढून लोखंडी हँडल घालून गरकन फिरवायचं. गाडीला स्टार्टर होता म्हणतात, पण तो कधीच जळून गेला. आबांनी तो पुन्हा बसवला नाही. "मनगटमा जोर शे तवलोंग स्टार्टर कसाले? चोचला शेत ह्या!" असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत. हँडल फक्त त्यांच्याच हाताला वळायचं. आधी कार्बोरेटरवर पान्याने दोन टकटक, मग पेट्रोलच्या नळीत फुंकर, मग इंजिनाच्या आईबापाचा उद्धार, आणि मग हँडल. दुसऱ्या कुणी मारलं तर ते उलटा झटका द्यायचं. आमच्या मामांचा अंगठा त्याने एकदा असा काही सुजवला की ते महिनाभर सगळ्यांना शाबासकी देत फिरत होते.

धडगावकडच्या शाळेत माझी पहिली नेमणूक झाली तेव्हा आबाच मला सोडायला आले होते. घाटात जीप तापली, बॉनेटमधून वाफा निघाल्या. मागून येणाऱ्या वडापच्या जीपमधून माणसं उतरली आणि माझ्या ट्रंकेसकट आम्हाला ढकलत वर घेऊन गेली. मी लाजेने अर्धी झाले होते. आबा मात्र स्टिअरिंगवर बसून, वरात निघाल्यासारखे दोन्ही बाजूंच्या लोकांना हात करत होते. पुढे वरच्या गावातल्या लोकांनी मला बाई म्हणून ओळखायच्या आधी ढकलगाडीवाल्याची पोर म्हणूनच ओळखलं.

तर अशी ही जीप गेल्या तीन आखाजींपासून बंद पडली होती. "इंजिन गयं," आबांनी जाहीर केलं, आणि ती खळ्यात शेडखाली उभी राहिली. तेव्हापासून मला न्यायला माझा धाकटा भाऊ यायला लागला. पांढरी गाडी, आत गारेगार हवा, काचा वर. दारात येऊन हॉर्न. उतरायचं नाव नाही. मी जाऊन काचेवर टकटक केलं की काच चार बोटं खाली यायची आणि आतून आवाज, "ताई, बस ना लवकर, हवा जास." माझ्या सासूबाई पाण्याचा तांब्या हातात घेऊन दारात तशाच उभ्या. अडवायचं तरी कुणाला? पहिल्या वर्षी त्या काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या वर्षी म्हणाल्या, "तुन्हा मुऱ्हाई उना का कुरिअरवाला उना?" मला फार लागलं. भावावर राग नव्हता, तो भला माणूस आहे. पण मला आबा हवे होते, आणि आबा काही त्या पांढऱ्या गाडीत बसायला तयार नव्हते. त्यांचं वय होत चाललं होतं. अजून किती आखाजी ते येतील, हा हिशेब मी मनात करायचं टाळत होते आणि तरी तो होतच होता.

या वर्षी होळीच्या आसपास भावाचा फोन आला. जीपची तो 'हॉट रॉड' करणार होता. मी म्हटलं, हे काय खायचं असतं का? मग त्याने मला मोबाइलवर एकामागून एक व्हिडिओ पाठवले. जुन्या गाडीचं धड घ्यायचं, बॉनेट काढून टाकायचं, मागे रुंद टायर, बाजूने चकचकीत नळकांडी, गाडी जमिनीला टेकेल इतकी खाली, आणि आत दणदणीत इंजिन. परदेशातले पांढऱ्या दाढीचे आजोबा अशा गाड्यांत बसून उगाच धूर काढत होते. "आखाजीले तुले हाईच गाडीमा लयसू," भाऊ म्हणाला. "आणि चालवणार कोण?" मी विचारलं. "आबा!" तो म्हणाला. "आबा बी खूश, तू बी खूश."

मी खूश झालेच. दोन दिवस वर्गात कुणाला ओरडले नाही.

आबांनी सगळ्याला होकार दिला होता, हे विशेष. बॉनेट काप म्हणाले, रंग लाव म्हणाले, नळकांडी लाव म्हणाले. घोडं अडलं इंजिनावर. विसरवाडीच्या फाट्यावर अपघातातल्या गाड्या मोडीत काढणारा एक जण आहे. त्याच्याकडे भावाने एक नवं डिझेल इंजिन बघून ठेवलं होतं. गाडीचं थोबाड फुटलेलं, इंजिन मात्र ठणठणीत. किल्ली फिरवली की सुरू. आबा म्हणाले, गाडीत इंजिन राहील तर जुनंच राहील, ते खोलून दुरुस्त कर. भाऊ म्हणाला, तीन वर्षं मेलेलं इंजिन खोलून काय, तेरावं घालू? पुढचे पंधरा दिवस दोघं एकमेकांशी बोलत नव्हते. दोघंही माझ्याशी बोलत होते.

घरात असा तिढा पडला की आमच्याकडे लेकीचा कौल घेतात. लेक परक्या घरची, तिला वाटा नको, म्हणून ती खरं बोलेल असा समज. त्यामुळे दोन्ही पक्षांकडून माझी मनधरणी सुरू झाली. आबांनी गावाकडून येणाऱ्या माणसाबरोबर बिबडीचे पापड पाठवले. भावाने माझ्या स्कूटीला नवी सीट बसवून दिली. मी पापड खाल्ले, सीटवर बसले आणि कौल काही दिला नाही.

शेवटी एका रविवारी गेले. दारातच सांगून टाकलं, मी पंच म्हणून आलेय, लेक म्हणून नाही, हे माहेरपण धरायचं नाही. माय म्हणाली, "मंग पंचले चहा चाली का?" मी म्हटलं, चालेल.

आता दोन इंजिनांत चांगलं कुठलं, हे कसं ठरवायचं? परदेशातले आजोबा सरळ रस्त्यावर गाड्या पळवतात. आमच्या गावात इंजिनाची एकच परीक्षा सगळ्यांना ठाऊक आहे, पाणी किती मारतं. इंजिन गाडीचं असो, बोटीचं असो की विमानाचं, ते विहिरीवर नेऊन बसवायचं, पट्ट्याने पंपाला जोडायचं आणि पाइपातून पाण्याची धार किती लांब पडते ते बघायचं. आबा आणि भाऊ पंधरा दिवसांत पहिल्यांदा कशावर एकमत झाले असतील तर यावर. "अहो, गाडी रस्त्यावर पळणार आहे, विहिरीत नाही," मी म्हणून बघितलं. पंचाचं कुणी ऐकलं नाही.

ट्रॅक्टरमागच्या ट्रॉलीतून दोन्ही इंजिनं मळ्यातल्या विहिरीवर गेली. त्यांच्यामागे अर्धं गाव. नवं इंजिन विटांवर ठेवलं. त्याच्या अंगावर इतक्या वायरी होत्या की ते दवाखान्यातून पळून आल्यासारखं दिसत होतं. शेजारी त्याचा कॉम्प्युटरचा डबा. त्यावर ऊन पडू नये म्हणून कुणीतरी उपरणं टाकलं. भावाने किल्ली फिरवली आणि इंजिन इतकं हळू सुरू झालं की बरेच जण "कव्हय सुरू व्हई?" असं विचारत राहिले. मग पट्टा चढवला. पाइपातून पाण्याची गुळणी आली, दिव्यांची लुकलुक झाली आणि इंजिन बंद. पुन्हा किल्ली, पुन्हा गुळणी, पुन्हा बंद. विसरवाडीचा माणूस समजावत होता, त्याला वाटतंय की आपण गाडीत नाही, कॉम्प्युटर घाबरतो, म्हणून स्वतःहून थांबतो. एक म्हातारा म्हणाला, "आम्हना जवाई बी आसाच शे. काम दिखनं का डोकं दुखस." सगळं गाव हसलं. भाऊ हसला नाही.

मग जुन्याची पाळी. त्याला थंड ठेवायला पाण्याची कोठी भरून ठेवली होती. आबांनी टकटक केली, फुंकर मारली, शिव्याही दिल्या. मग हँडल घातलं आणि बाजूला होऊन भावाला म्हणाले, "मार." भाऊ बिचकला. मामांचा अंगठा त्यालाही आठवत असणार. "मन्हं धोतर धवळं शे," आबा म्हणाले. "मार तू." भावाने डोळे मिटून हँडल मारलं.

पहिल्याच फेऱ्याला इंजिन सुरू झालं. तीन वर्षं मेलेलं. झाडावरचे बगळे उडाले. पट्टा चढवला तशी पाण्याची धार निघाली ती थेट मायच्या मिरचीच्या वाफ्यात जाऊन पडली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुणी म्हणालं चमत्कार, कुणी म्हणालं जुनं ते सोनं. आबांना खांद्यावर घ्यायचंच बाकी होतं. मी मात्र आबांच्या धोतराकडे बघत होते. मेलेली इंजिनं पहिल्या फेऱ्याला उठत नाहीत, एवढं विज्ञान मला येतं. आणि आबांच्या कपाटात पांढऱ्या धोतराशिवाय दुसरं काही नसतं, हे तर सगळ्यांनाच माहीत आहे.

मी कौल द्यायला तोंड उघडणार तेवढ्यात माय पुढे आली. ती इतका वेळ वाफ्याच्या कडेला उभी राहून पाण्याकडे बघत होती.

"हाई इंजिन आठेच ऱ्हाई," ती म्हणाली.

आमच्याकडे शेतीची वीज एक आठवडा दिवसा असते, एक आठवडा रात्री. रात्रीच्या पाळीला आबा बॅटरी घेऊन मोटार चालू करायला मळ्यात जायचे आणि ते परत येईपर्यंत माय ओट्यावर बसून राहायची. विंचू-साप, चिखल, आणि त्यांची नजर. ती कधी बोलली नव्हती. आता सगळ्या गावासमोर बोलली, की रात्रीच्या पाळीच्या आठवड्यात हे इंजिन दिवसा पाणी देईल आणि आबा रात्री घरात झोपतील.

"पेट्रोल कितलं लागी!" आबा म्हणाले.

"तुम्हनी तमाखू कमी करा," माय म्हणाली. "हँडल आंडोर मारी."

आंडोर म्हणजे मुलगा, माझा भाऊ. तो ताबडतोब कबूल झाला. त्याचं काय जात होतं? जुनं इंजिन विहिरीवर राहिलं म्हणजे नवं आपोआप गाडीत. आबा परीक्षा जिंकले आणि इंजिन हरले. पंच म्हणून मला कुणी विचारलंच नाही. माझा चहाही गार झाला होता.

लोक पांगले. आबा विहिरीच्या थारोळ्याच्या, म्हणजे पाणी पडायच्या हौदाच्या, कठड्यावर बसले होते, मी जाऊन शेजारी बसले.

"आबा," मी म्हटलं, "इंजिन कधी बिघडलंच नव्हतं ना?"

त्यांनी तमाखू मळली आणि चिमूट तोंडात टाकली. डाव्या हाताने. तेव्हा माझ्या लक्षात आलं की उजवा हात त्यांनी सकाळपासून छातीच्या वर नेलाच नव्हता.

"खांदा गया, बाई," ते म्हणाले. "तीन साल व्हयनात. हँडल फिरत नही आते मन्हा हातघाई. कोनले सांगू?"

"मग स्टार्टर बसवून घ्यायचा! दोन तासांचं काम आहे."

"सारी जिंदगी स्टार्टरले चोचला सांगं. आते कोनता तोंडघाई बसाडू?"

मला हसू आलं आणि त्याच वेळी रडूही आलं. तीन आखाजी मी कुरिअरवाल्याबरोबर माहेरी गेले होते, आणि कारण काय, तर माझ्या बापाला एक वाक्य परत घेता येत नव्हतं. मी त्यांच्यावर चिडले. चांगली दोन-चार वाक्यं सुनावली, आणि ती त्यांनी निमूट ऐकून घेतली.

"मग नव्या इंजिनाला नाही का म्हणता? किल्ली फिरवायला खांदा लागत नाही."

"तेच ते," आबा म्हणाले. "किल्ली कोनी बी फिराई. पोऱ्या फिराई, सून फिराई. मंग मन्ही गरज काय ऱ्हायनी? जुनं इंजिन शे तवलोंग गाडी बंद का व्हयेना, मन्ही तरी शे."

 शाळेत मुलांनी अवघड प्रश्न विचारला की मी 'उद्या सांगते' म्हणते. तसं इथे म्हणता येईना. शेवटी उठताना एवढंच म्हटलं, "सासूबाई तांब्या घेऊन दारात उभ्या राहतात, आबा. त्यांना अडवायला कुणी मिळत नाही." आणि स्कूटी सुरू करून निघून आले.

त्यानंतर माझं आणि आबांचं फोनवर पिकापाण्यापलीकडे बोलणं झालं नाही. भाऊ गाडीच्या कामात बुडाला होता. परवानगीच्या कागदांसाठी चकरा मारत होता. आबा गाडीजवळ फिरकत नाहीत म्हणाला. "मी येसू तुले लेवाले," त्याने सांगितलं. "या साल उतरसू बी, आन् पानी बी पिसू." सासूबाईंचं वाक्य मीच कधीतरी त्याच्या कानावर घातलं होतं.

आखाजीच्या आदल्या दिवशी मी पिशवी भरली. दुसऱ्या दिवशी दुपारी स्वयंपाकघरात होते. आवाज बिवाज काही आला नाही. सासूबाईंचा मोठा आवाज तेवढा ऐकू आला, "इतला तपनमा काबर ली जातंस लेकले? ऱ्हाऊ द्या ना!"

मी बाहेर धावले. ओट्यावर आबा बसले होते, तांब्या तोंडाला लावून, डाव्या हाताने. अंगणात शेंदरी रंगाची, बॉनेट नसलेली, टायरांनी दोन्हीकडे फुगलेली ती जीप. गल्लीतली सगळी पोरं तिला चिकटलेली. शेजारच्या सीटवर भाऊ अंग चोरून बसलेला, घामाने निथळत. सगळ्या रस्त्याने आबांनी त्याला स्टिअरिंगला बोट लावू दिलं नव्हतं. सासूबाईंनी चांगलं तीनदा अडवलं. मागची सगळी उधारी त्यांनी वसूल करून घेतली.

गाडी मऊ चालत होती. आबा गिअर बदलताना अजूनही जुन्या जीपसारखा सगळा जोर लावत आणि मग इतक्या सहज पडला म्हणून दचकत. "चोचला शेत," ते मधूनमधून पुटपुटत. पण शहाद्याच्या चौकात लोक वळून बघायला लागले तेव्हा त्यांचा हात आपोआप वर गेला. घाटात जायचा तसाच, फक्त या वेळी डावा. मी मागच्या सीटवर डोक्यावर पदर धरून बसले होते. वाऱ्याने माझ्या केसांची दैना झाली होती आणि मी बेहद्द खूश होते.

प्रकाशा गावाजवळच्या तापीच्या पुलावर त्यांनी गाडी कडेला घेऊन बंद केली. आखाजीला जाताना तापीत नाणं टाकायची आमची रीत आहे. तिघांनी नाणी टाकली, नमस्कार केला. परत आलो तसे आबा सरळ गाडीच्या पुढे जाऊन उभे राहिले आणि वाकले. हँडल घालायचं भोक शोधत होते. भोक नव्हतं. भाऊ काहीतरी बोलणार होता, मी त्याचा शर्ट ओढला. आबा सावकाश सरळ झाले, खिशातून किल्ली काढली, तिच्याकडे बघितलं आणि माझ्या हातात दिली.

"आठून तू चालाड."

"आबा, मुऱ्हाईने नेलेली लेक गाडी चालवत नाही," मी म्हटलं. "तुम्हीच सांगायचात ना, लेकीला न्यायचं म्हणजे न्यायचं?"

"आते मीच सांगस. किल्ली कोनी बी फिरावस, मंग तू फिराव." ते मागच्या सीटवर चढून बसले, माझ्या पिशवीशेजारी. "आईक. मी नही ऱ्हायनू ते कोनी वाट देखत बसू नको. हाई गाडी काढ आन् येत ऱ्हाय. पन हॉर्न वाजाडू नको. उतर, घरमा ये, पानी पे."

भाऊ रस्त्याकडे बघायला लागला. मी किल्ली फिरवली. इंजिन सुरू झालंय की नाही हे मला कळलंच नाही, म्हणून मी ती पुन्हा फिरवली आणि गाडी जोरात खरखरली.

"सुरू शे, बाई, सुरू शे!" मागून आबा ओरडले. "चाल आते."